एकोणिसाव्या वर्षी ठरलेली किंमत

१ ऑक्टोबर २०१६. मेलबर्न क्रिकेट मैदानावर ९९ हजार ९८१ प्रेक्षक जमलेले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या (एएफएल) अंतिम सामन्यातील अखेरची मिनिटे सुरू होती आणि सिडनी स्वान्सविरुद्ध वेस्टर्न बुलडॉग्जची आघाडी निसटती होती. बुलडॉग्जचा अनुभवी बचावपटू डेल मॉरिसने सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला पकडून खाली पाडले. त्याच्या हातून सुटलेला चेंडू टॉम बॉईड या जेमतेम २१ वर्षांच्या आघाडीच्या खेळाडूकडे आला. बॉईडने पन्नास मीटरहून अधिक अंतरावरून चेंडू लाथाडला. गोलपुढे तो अडवायला कोणीच नव्हते. उसळत उसळत चेंडू खांबांमधून गेला आणि तब्बल ६२ वर्षांनंतर बुलडॉग्जचे विजेतेपद जवळपास निश्चित झाले. ८९-६७ अशा फरकाने जिंकलेल्या या सामन्यात बॉईडचे तीन गोल होते.

त्यानंतर तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच, मे २०१९ मध्ये, तोच बॉईड वयाच्या २३ व्या वर्षी व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्त झाला. त्याचा करार २०२१ अखेरपर्यंतचा होता. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ आणि मोठी रक्कम मागे टाकून तो बाहेर पडला. एएफएलमधील त्याची एकूण कारकीर्द अवघ्या ६१ सामन्यांची ठरली. या कारकिर्दीला यशस्वी म्हणायचे की अपयशी, हा वाद ऑस्ट्रेलियात बराच काळ रंगला. परंतु, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या भविष्याची किंमत आधीच ठरवून ती जाहीरपणे मिरवणाऱ्या व्यवस्थेने त्याच्याकडून नेमके काय मागितले होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

निवड आपली नव्हे, क्लबची

ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. अंडाकृती मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू आणि हवेत झेप घेऊन पकडलेले झेल ही त्याची ओळख. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेल्या गोलला सहा गुण मिळतात, तर बाजूच्या खांबांमधून चेंडू गेल्यास एक. गोल करण्याची मुख्य जबाबदारी उंच आघाडीच्या खेळाडूंवर असल्याने त्यांना सर्वाधिक मागणी असते. मात्र याच खेळाडूंना तयार होण्यास सर्वाधिक वेळ लागतो. अठराव्या वर्षी दोन मीटर उंची गाठलेल्या मुलाच्या अंगात, समोरच्या तिशीतल्या बचावपटूंशी झुंजण्याचे बळ लगेच येत नाही.

या खेळातील नवोदितांची भरती 'ड्राफ्ट' पद्धतीने होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत आपल्या आयपीएलप्रमाणे बोली लागत नाही. आधीच्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला साधारणपणे पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. श्रीमंत क्लबांनी सर्व गुणवान खेळाडू पळवू नयेत, यासाठी त्याला वेतनमर्यादेची जोड आहे. स्पर्धा समतोल राहावी, हा हेतू योग्यच. परंतु त्याची किंमत खेळाडू मोजतो. कोणत्या शहरात राहायचे, कोणासाठी खेळायचे, हे बारावी नुकतीच संपवणारा मुलगा ठरवत नाही, क्लब ठरवतो.

ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स हा संघ २०१२ मध्ये लीगमध्ये दाखल झाला आणि पहिल्या दोन्ही मोसमांत तळाला राहिला. साहजिकच २०१३ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड त्यांच्याकडे आली. मेलबर्नच्या पूर्व उपनगरांतील ईस्टर्न रेंजेस या युवा संघाकडून खेळणाऱ्या बॉईडचे नाव त्यांनी घेतले. त्याला अठरावे वर्ष लागून काही महिनेच झाले होते. घर मेलबर्नला, नोकरी सिडनीला, असे त्याचे व्यावसायिक आयुष्य सुरू झाले. नवोदितांचा पहिला करार तेव्हा दोन वर्षांचा असे. बॉईडने त्यातील एकच वर्ष सिडनीत काढले. त्या वर्षात तो नऊ सामने खेळला आणि मेलबर्नला परतण्याची इच्छा त्याने व्यक्त केली.

नऊ सामने आणि सात वर्षे

त्याच सुमारास बुलडॉग्जच्या छावणीत खळबळ माजली होती. कर्णधार रायन ग्रिफेनने क्लब सोडून जायंट्सकडे जाण्याची मागणी केली. पाठोपाठ प्रशिक्षक ब्रेंडन मॅककार्टनी यांचेही पद गेले. १९५४ नंतर विजेतेपद न पाहिलेला, मेलबर्नच्या पश्चिमेकडील कामगार वस्तीतून उभा राहिलेला, १९८९ मध्ये विलीनीकरणाच्या संकटातून समर्थकांच्या वर्गणीवर वाचलेला हा क्लब पुन्हा एकदा हास्याचा विषय होण्याच्या बेतात होता. अशा वेळी क्लबने धाडसी डाव टाकला. ग्रिफेन आणि ड्राफ्टमधील सहावी निवड जायंट्सला देऊन बदल्यात बॉईडला घेतले. सात वर्षे आणि सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, असे त्याच्या कराराचे आकडे वृत्तपत्रांतून झळकले.

या आकड्यांची तुलना फ्रँकलिनशी करून पाहण्याजोगी आहे. एक वर्ष आधी, २०१३ मध्ये, सिडनी स्वान्सने फ्रँकलिनशी नऊ वर्षांचा, सुमारे एक कोटी डॉलरचा करार केला होता. त्यावरही टीका झाली. पण त्यावेळी फ्रँकलिन २६ वर्षांचा होता; हॉथॉर्नकडून त्याच्या नावावर पाचशेहून अधिक गोल आणि दोन विजेतेपदे जमा होती. फ्रँकलिनला मिळालेला पैसा त्याने सिद्ध केलेल्या कर्तृत्वाचा होता. बॉईडला देऊ केलेला पैसा मात्र त्याने अद्याप न केलेल्या कर्तृत्वाचा होता. पहिला करार खेळाडूचा मोबदला ठरतो. दुसरा त्याच्यावरचे कर्ज ठरतो. बॉईड मैदानात उतरला की झेल किती, गोल किती, याचा हिशेब पहिल्या मिनिटापासून सुरू होई. वयाच्या मानाने त्याची प्रगती सर्वसाधारण असली तरी कराराच्या मानाने ती कायम अपुरीच ठरत राहिली. दुय्यम संघाकडून खेळण्याची वेळ त्याच्यावर आली, तेव्हा तर 'दशलक्ष डॉलरचा राखीव खेळाडू' अशा सुरातली चर्चा अटळ होती.

येथे मार्कस बॉन्टेम्पेलीचे उदाहरण बोलके आहे. तो बॉईडच्याच ड्राफ्टमधला. बुलडॉग्जने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले होते. तोही २०१६ च्या विजेत्या संघात होता आणि पुढे २०२० पासून क्लबचा कर्णधार झाला. त्याची गुणवत्ता असामान्य होती, हे खरेच. पण तो स्वतःच्या शहरात राहिला, मधल्या फळीत खेळल्याने चेंडू त्याच्याकडे सतत येत राहिला आणि कोणत्याही आकड्याचे ओझे न घेता त्याला मोठे होता आले, हेही तितकेच खरे. एकाच वर्षी निघालेल्या दोन मुलांच्या वाटा केवळ गुणवत्तेने वेगळ्या झाल्या, असे म्हणणे सोपे असले तरी अपुरे आहे.

विजयानंतरचे वर्ष

२०१६ ची ती दुपार बॉईडच्या सर्व टीकाकारांना उत्तर देणारी होती. त्या मोसमात गुणतक्त्यात सातव्या स्थानावरून येऊन विजेतेपद मिळवण्याचा पराक्रम प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांच्या बुलडॉग्जने केला. त्याआधी कोणताही संघ असे करू शकला नव्हता. उपांत्य लढतीत त्यांनी हरवले ते बॉईडच्या जुन्या जायंट्सलाच, अवघ्या सहा गुणांनी. करार वसूल झाला, असे समर्थक एकमेकांना सांगू लागले. क्लबच्या वहीत ती नोंद चुकीची म्हणता येणार नाही. ६२ वर्षांच्या प्रतीक्षेची किंमत ७० लाख डॉलर, हा सौदा बुलडॉग्जच्या कोणत्याही निष्ठावंत पाठीराख्याला स्वस्तच वाटेल.

बॉईडची स्वतःची वही मात्र जुळली नव्हती. २०१७ च्या मोसमाच्या मध्यावर मानसिक आरोग्याच्या कारणास्तव त्याने खेळातून विश्रांती घेतल्याचे जाहीर झाले. नैराश्य, चिंतेचे झटके, झोप उडालेली, हे सर्व त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितले. म्हणजेच ज्या विजयाने सर्व प्रश्न सुटतील असे बाहेरच्यांना वाटले, त्याने मूळ प्रश्नाला स्पर्शही केला नव्हता. २०१८ मध्ये तो मैदानावर परतला, परंतु पाठीच्या दुखण्याने त्याची पाठ सोडली नाही. शरीर व मन या दोन्हींच्या तक्रारींनंतर त्याने मे २०१९ मध्ये थांबण्याचा निर्णय घेतला. निवृत्तीनंतर मानसिक आरोग्याविषयी जाहीरपणे बोलणारा वक्ता म्हणून त्याने नवे काम उभे केले.

त्या अंतिम सामन्यातील निर्णायक क्षणाकडे पुन्हा पाहिले तर एक विलक्षण योग दिसतो. ज्याच्या हातून चेंडू सुटला तो फ्रँकलिनही मानसिक आरोग्याच्या कारणावरूनच २०१५ च्या बाद फेरीला मुकला होता. त्या काळातील बहुचर्चित करारांपैकी दोन ज्यांच्या नावावर होते, ते दोघेही अशा प्रकारे थांबले. फ्रँकलिन सावरला, २०२२ मध्ये त्याने हजारावा गोल नोंदवला आणि २०२३ मध्ये निवृत्त झाला. दोघांत फरक होता तो उभ्या असलेल्या पायाचा. फ्रँकलिनला मागे वळून पाहायला दहा वर्षांचा खेळ होता. बॉईडला केवळ अपेक्षा होती.

धडा कोणी घेतला?

अर्थात, करार करणारा क्लब दुष्ट नव्हता आणि सही करणारा मुलगा भाबडाही नव्हता. व्यावसायिक खेळातील आयुष्य अल्प असते. गुडघा किंवा डोक्याला झालेली एक दुखापत ते संपवू शकते. २०१४ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड ठरलेल्या पॅडी मॅककार्टिनची कारकीर्द डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे खंडित झाली आणि २०२३ मध्ये त्याला थांबावे लागले. अशा व्यवसायात समोर आलेली सात वर्षांची हमी नाकारण्याचा सल्ला कोणते आई-वडील देतील? म्हणूनच दोष व्यक्तींवर ढकलून हा विषय मिटत नाही.

मुद्दा व्यवस्थेचा आहे. ड्राफ्ट मुलाला घरापासून तोडतो; घराच्या ओढीतून बदलीची मागणी जन्मते; बदलीसाठी दुसऱ्या क्लबला मोठी किंमत मोजावी लागते; आणि ती किंमत शेवटी मुलाच्या पाठीवर चिकटते. ही साखळी आजही तुटलेली नाही. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला हार्ली रीड हा व्हिक्टोरियातील टोंगाला या लहान गावचा. देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सने त्याची निवड केली. पहिल्याच मोसमापासून त्याच्या खेळाइतकीच चर्चा झाली ती तो घरी कधी परतणार आणि किती रकमेला, याची. चेंडू तोच, मैदान तेच, केवळ नाव बदलले.

बदल झालाच असेल तर तो भाषेत झाला आहे. मानसिक आजारासाठी खेळाडूने विश्रांती घेणे ही आज ऑस्ट्रेलियात लपवण्याची बाब राहिलेली नाही. त्याचे श्रेय ज्या मोजक्या खेळाडूंना जाते, त्यांत बॉईडचे नाव घ्यावे लागेल. तो गोल अजूनही दाखवला जातो आणि पुढेही दाखवला जाईल. मात्र तो मारणारा मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता आणि त्याची किंमत दोन वर्षांपूर्वीच ठरून गेली होती, हे त्या चित्रफितीत कुठेच दिसत नाही.