सय्यद मोदींच्या नावाची स्पर्धा आणि आपल्या मुली

लखनऊच्या बाबू बनारसी दास इनडोअर स्टेडियममध्ये एक आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा भरते. देशोदेशीचे व्यावसायिक खेळाडू तिथे येतात. स्पर्धेचे नाव आहे सय्यद मोदी इंटरनॅशनल. हे सय्यद मोदी कोण, असे आम्ही वर्गात विचारले तर सिंधू आणि सायनाची नावे पाठ असलेली मुलेही गप्प बसतात. घरातल्या मोठ्यांनाही हे नाव क्वचितच आठवते. म्हणून या महिन्यात थोडे त्यांच्याविषयी, आणि त्या निमित्ताने आपल्या घरांविषयी.

सय्यद मोदींचा जन्म १९६२ चा, गोरखपूर जिल्ह्यातला. वडील साखर कारखान्यात नोकरीला. घरात आठ भावंडे, त्यात हे सर्वांत धाकटे. मूळ नाव मेहदी. शाळेच्या दाखल्यात मेहदीचे मोदी झाले आणि तेच कायम राहिले, असे सांगितले जाते. (शाळेत नाव घालताना स्पेलिंग नीट तपासा, असे आम्ही पालकांना सांगतो ते उगाच नाही.) घरची कमाई बेताची. तरी थोरल्या भावांनी आपल्या पगारातून धाकट्याच्या खेळाचा खर्च उचलला. १९८० मध्ये या मुलाने राष्ट्रीय स्पर्धेत प्रकाश पदुकोण यांना हरवले आणि तिथून १९८७ पर्यंत सलग आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद आपल्याकडे ठेवले. १९८१ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९८२ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. २८ जुलै १९८८ रोजी लखनऊत सराव आटोपून स्टेडियमबाहेर पडताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लखनऊची स्पर्धा त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या स्पर्धांची एक उतरंड असते. सर्वांत वर सुपर १०००, मग ७५०, ५००, ३०० आणि १००. लखनऊची स्पर्धा सुपर ३०० ची. जागतिक क्रमवारीत बऱ्यापैकी वर असल्याशिवाय तिथे थेट प्रवेश मिळत नाही. मुख्य फेरीत ३२ खेळाडू, म्हणजे जिंकायचे तर आठवड्याभरात पाच सामने जिंकावे लागतात. २०२२ मध्ये या स्पर्धेची एकूण बक्षिसे दीड लाख डॉलरची होती; त्यांतले एकेरीच्या विजेत्याला सव्वाअकरा हजार. उपविजेत्याला त्याच्या निम्मेच, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, रॅकेट, पिसांची फुले हा खर्च मात्र हरणाऱ्यालाही चुकत नाही. टीव्हीवर दिसतो तो झगमगाट थोड्यांचा असतो, हे मुलांना अकादमीत घालण्याआधी आईवडिलांनी ओळखून असावे.

त्याच २०२२ च्या स्पर्धेत २३ जानेवारीला महिला एकेरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला पी. व्ही. सिंधू, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची मालविका बनसोड. मालविका १३-२१, १६-२१ अशी हरली. पण त्याच्या दहा दिवस आधी दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवले होते. तिचे आईवडील दोघेही दंतवैद्य. मुलीचा खेळ समजून घ्यावा म्हणून आईने पुढे क्रीडाशास्त्राचे शिक्षण घेतले. प्रशिक्षणासाठी मुलीला नागपूर सोडून रायपूरला राहावे लागले.

गोरखपूरचे ते घर आणि नागपूरचे हे घर यांत पैशाचे, शिक्षणाचे, काळाचे बरेच अंतर आहे. पण दोन्ही घरांत कोणीतरी मोठ्याने खेळणाऱ्या मुलासाठी स्वतःची वेळ किंवा कमाई बाजूला काढली. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे.

आता आपल्या सानपाड्याकडे पाहू. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात दोन इमारतींच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या फुलाने खेळ रंगतो. पाचवी-सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने खेळतात. आठवीत त्या कमी होतात आणि नववीत दिसेनाशा होतात. मुलगे तिथेच असतात. पालकसभेला विचारले की उत्तरे ठरलेली असतात. "टीचर, आता अभ्यास वाढला." "टीचर, मोठी झाली, खेळायचे कपडे कसे घालणार?" "खेळून मिळणार काय?" यातले एकही उत्तर खोटे नाही, आणि एकाही आईला मुलीचे वाईट नको आहे. म्हणूनच या तिन्हींवर नीट बोलायला हवे.

आधी कपड्यांचे. २०११ मध्ये महासंघाने मोठ्या स्पर्धांत महिलांनी स्कर्ट घातलाच पाहिजे असा नियम आणला होता. खाली लांब पँट चालेल, असेही सांगितले होते. तरी खेळाडूंनी आणि अनेक देशांनी विरोध केला. नियम आधी पुढे ढकलला गेला आणि २०१२ मध्ये सोडून देण्यात आला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये इराणची सोरय्या अघाई डोके झाकून, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत खेळली. ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटन खेळणारी ती पहिली इराणी महिला, आणि पहिला सामना तिने मालदीवच्या खेळाडूविरुद्ध जिंकला. तेव्हा कपड्यांसाठी रॅकेट खाली ठेवायची गरज नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास खेळल्याने दहावी बुडत नाही. उलट शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि मुलींचे गट वेगळे असतात. ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंना राज्य मंडळ दहावी-बारावीत सवलतीचे गुण देते. त्यासाठी शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच भेटा, मार्चमध्ये नव्हे.

राहिले मिळणार काय, ते. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलींना लखनऊचे स्टेडियम मिळणार नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची सवय आणि धडधाकट शरीर त्यांना मिळेल. पुढे नोकरीत आणि संसारात दोन्ही लागतात. मुलग्यांना आपण हे काही न विचारता मिळू देतो.

आमची विनंती छोटी आहे. सोसायटीच्या सभेत चार आयांनी मिळून मागणी करावी, की आवारातला एक तास मुलींसाठी राखून ठेवा. असर आणि मगरिबच्या मधला वेळ बहुतेक घरांना सोयीचा पडतो. एक आई किंवा आपा तिथे खुर्ची टाकून बसली की घरच्यांची काळजीही मिटते. भाईजानला नवी रॅकेट आणाल, तेव्हा बहिणीसाठीही एक आणा. आणि नववीतल्या लेकीची रॅकेट कपाटावर गेली असेल, तर ती खाली काढून आधी तिच्या तारा ताणून आणा.