गावाला पैसा म्हंजे कुणाला?

एक हिशेब मांडतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. साल २०२३. सौर पॅनेलला जमीन पाहिजे. खाजगी जमीनवाल्याला भाडं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, वर दरसाल ३ टक्के वाढ. आणि सरकारी जमिनीला? तिच्यात गायरानं आलीच. तिला नाममात्र एक रुपया.

ऊन तेच, पॅनेल तेच. बागायतदाराच्या शेताला सव्वा लाख नि आमच्या गायरानाला रुपया!

म्हणतील, गावाला देतोच की. देता. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही ३ वर्षं. विजेचा करार २५ वर्षांचा. मग उरलेली २२ वर्षं गावानं काय उन्हाकडं बघत बसायचं?

आणि हे १५ लाख तरी कुणाच्या दारात जाणार? ठराव वाड्यावर शिजतो, ग्रामपंचायतीत त्याच्यावर नुसता शिक्का बसतो. रस्ता वेशीपर्यंत येतो, तिथं त्याचा दम तुटतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी या गावगाड्याचे वाभाडे काढले, ते उगाच नाही. 'स्थानिक लोक' हा शब्द लई गोड. पण गावात वाडा स्थानिक असतो नि वस्ती उपरी असते.

गायरानातले दगड कुणी वेचले? १९५९ ला, पुन्हा १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं आमच्या माणसांनी भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनंच कागदावर मान्य केलं. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. पण सरकारी आदेशानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात सांगितला. अपवाद आमच्या नावाचा, नोटिसाही आमच्याच नावाच्या! माझ्या बापानं जन्मभर गायरान कसलं. सातबाऱ्यावर अजून सरकारच.

म्हणून मी म्हणतो, गायरानालाही सव्वा लाखच भाडं लावा. पहिला हक्क कसणाऱ्याचा. पैसा थेट त्याच्या खात्यात. मग भूमिहीन घरांचा. करार असेल तेवढी वर्षं. आणि कसणाऱ्याला विचारल्याशिवाय पॅनेलचा एक खांबही रोवू नका.

दोस्तहो, जयंतीच्या मिरवणुकीला जाता तसे ग्रामसभेलाही जा. भाड्याचा ठराव मांडा, मतदान मागा, इतिवृत्तात लिहून घ्या, नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. विरोध झाला तर विरोध करणाऱ्यांची नावंही लिहून घ्या.

ही भीक नाही. भाडं आहे.