जयंतीचं दप्तर ऑगस्टपर्यंतही का टिकत नाही?

मागच्या वर्षी आमच्या मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत दप्तरं वाटली. शंभर दप्तरं, दोनशे रुपयांना एक. पाठीवर बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि त्याच्या दुप्पट आकाराचा स्थानिक पुढाऱ्याचा. माईक माझ्याच हातात होता. शिक्षण म्हणजे वाघिणीचं दूध वगैरे सगळं बोलून झालं, टाळ्या झाल्या, फोटो व्हॉट्सॲपवर फिरले.

ऑगस्टमध्ये जूचंद्रच्या पलीकडून सायकलने शाळेत येणारी आठवीतली एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. दप्तराची चेन जुलैतच गेली होती, पट्टा एका बाजूने उसवला होता. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी तिने जातीचा मूळ दाखला दप्तरात ठेवला आणि वाटेत पावसाने गाठलं. शिक्क्याची शाई कागदभर पसरली होती. दाखल्याची दुसरी प्रत काढायची तर बापाचा रोज बुडणार. तो मला काही बोलला नाही. "दप्तर तुमच्याकडचंच आहे, भाऊ," एवढंच म्हणाला.

म्हणून हा लेख दप्तरावर आहे. काही मित्र म्हणतील, संविधानावर घाला पडतोय आणि तुम्ही पिशव्यांवर लिहिताय! त्यांना एवढंच सांगतो की सावित्रीबाई पुण्यात शाळेत शिकवायला निघायच्या तेव्हा सोबत एक जास्तीचं लुगडं न्यायच्या, असं सांगतात. वाटेत शेण आणि चिखल अंगावर यायचा. शाळेत पोहोचून कपडे बदलायचे आणि शिकवायला उभं राहायचं. ते लुगडं कोरडं, स्वच्छ पोहोचणं ही त्या दिवशीच्या शाळेची अट होती. (त्यांचं नायगाव साताऱ्याकडचं, आपलं वसईचं. नाव तेवढं एक.) डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांना स्वच्छ नेसण्याबद्दल, लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून देण्याबद्दल सांगितलं. सत्याग्रहाच्या मंडपात हा विषय त्यांना किरकोळ वाटला नाही. आपल्या माणसाच्या अंगावर काय आहे, हातात काय आहे, ते तो मानाने वागवू शकतो का, हा चळवळीचाच प्रश्न आहे.

आता नायगावचा रस्ता बघा. भाईंदर आणि वसई रोडच्या मधलं हे स्टेशन. पूर्वेकडून जूचंद्र, बापाणे करत हायवेला लागायचं आणि तिथून सातिवली, वालीवच्या गाळ्यांकडे. सायकलवर जाणारा माणूस म्हणजे हेल्पर, पॅकिंगवाला, वॉचमन. त्याच रस्त्यावर शाळेची मुलं. जून ते सप्टेंबर पाऊस, खड्ड्यांत साचलेलं पाणी, शेजारून जाणारा ट्रक जे उडवतो ते वेगळंच. शहरातल्या दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारी बॅग या रस्त्यावर दोन पावसांत उघडी पडते.

का पडते, ते समजून घेतलं पाहिजे, कारण दुकानदार ते सांगत नाही. कापडाची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आपण वाटतो ती दप्तरं पातळ, दोनशेच्या आसपासच्या डेनिअरची असतात. रोजच्या सायकलला किमान सहाशे डेनिअरचं पॉलिस्टर घ्यावं, नाहीतर जाड नायलॉन. आतल्या बाजूला रबरासारखा लेप असतो, नख लावल्यावर पापुद्रा निघाला तर ती बॅग खाली ठेवा. पण पाणी कापडातून कमी आणि शिलाईच्या भोकांतून, चेनमधून जास्त शिरतं. म्हणून चेनवर कापडाची झाप हवी. ताडपत्रीसारख्या कापडाची, तोंड गुंडाळून बंद करायची बॅग मिळाली तर सगळ्यात उत्तम, तिला चेनच नसते. नाहीच जमलं तर जाड प्लॅस्टिकची पिशवी दप्तराच्या आत घाला. वरून घातलेलं कव्हर वाऱ्याने उडतं, आतली पिशवी उडत नाही. आणि दाखले, मार्कशीट, आधार यांचा वेगळा बंद पाऊच. मूळ कागद तर कामाच्या दिवसापुरताच घराबाहेर काढावा.

पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथे बोट घालून ओढून बघा. चौकोनात फुली अशी शिलाई हवी, एक सरळ रेघ असेल तर तो पट्टा जड पुस्तकांखाली उसवणारच. चेन जाड दातांची, आठ किंवा दहा नंबरची. चेन बिघडली की बहुतेक वेळा फक्त रनर झिजलेला असतो. आपण बॅग फेकून देतो, मोची तोच रनर बदलून थोडक्या पैशांत बॅग परत करतो.

वजनाचंही बघू. २०२० च्या केंद्राच्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. पस्तीस किलोच्या मुलीला साडेतीन किलो. तो नियम आपल्या शाळांत कोण पाळतं हा भाग सोडा, पण सायकलवर ते वजन पाठीवर घ्यायचंच कशाला? कॅरिअरवर ठेवा. वजन खाली आलं की तोल राहतो, पाठ भिजत नाही. चापाच्या भरवशावर मात्र ठेवू नका, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. लोंबणारे पट्टे आत खोचा, चाकाच्या तारांत पट्टा अडकला तर माणूस ट्रकच्या वाटेवर पडतो. आणि बॅगेच्या मागे रेडियमची पट्टी लावा. सेकंड शिफ्ट सुटून अंधारात हायवेने येणाऱ्याला तिचा उपयोग पुढाऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त आहे.

शबनम पिशवीबद्दल बोललो की काही ज्येष्ठ कार्यकर्ते रागावतात, पण बोलतो. सायकलवर ती घसरून पुढे येते, प्रत्येक पॅडलला गुडघ्यावर आपटते, पावसात फडक्यासारखी पाणी पिते. समाजवाद्यांनी ती साधेपणाची खूण केली आणि आपल्यातल्या काहींनी तशीच खांद्याला अडकवली. साधेपणा मिरवणं त्याला परवडतं ज्याच्या घरी कपाट भरलेलं आहे. बाबासाहेब सुटाबुटात राहिले ते उगाच नाही. चांगली, टिकाऊ वस्तू वापरणं ही आपल्यासाठी चैन नाही.

आणि बॅग शिवतं कोण? चामड्याच्या बॅगेमागे धारावीतले, कोल्हापूर-साताऱ्याकडचे हात आहेत, आणि ते हात कोणत्या जातींचे आहेत हे सांगायला नको. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली, त्याचा फटका कातड्याच्या धंद्यावर बसला. २०१६ मध्ये उनामध्ये मेलेलं जनावर सोलणाऱ्या आपल्या भावांना भर रस्त्यात मारलं गेलं. मुंबईत सुधीर राजभर यांनी त्याच काळात जातीवाचक शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच नाव म्हणून घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला आणि टाकाऊ रबरापासून बॅगा बनवल्या. या कामाचा मला आदर आहे. पण त्या बॅगा सातिवलीच्या हेल्परच्या आवाक्यातल्या नाहीत हेही खरं. आपल्या हुनराला मान मिळतो तेव्हा वस्तू आपल्यापासून लांब जाते, असं का व्हावं, यावर चर्चा झाली पाहिजे.

इथे सावधही राहायला हवं. "आपल्या लोकांनी आपला पारंपरिक धंदा जपावा" हे वाक्य मी आपल्याच बैठकीत ऐकलंय. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं की जात म्हणजे कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोच्याचा मुलगा इंजिनिअर व्हावा. आणि ज्याला हे काम करायचं आहे त्याला ते जातीमुळे नव्हे, पैसे चांगले मिळतात म्हणून करता यावं. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे, गटई कामगारांना स्टॉल देण्याची सरकारी योजना आहे. आपल्या भागात किती जणांनी अर्ज केला, किती जणांना मिळाला, हे मंडळाच्या मुलांनी जाऊन विचारायला काय हरकत आहे?

मंडळाच्या बैठकीत मी प्रस्ताव ठेवणार आहे. वीस हजारांत शंभर दप्तरं नकोत. सातआठशेची पंचवीस घेऊ, सायकलने किंवा लांबून चालत येणाऱ्या मुलांना पहिली. एकाही बॅगेवर कुणाचा फोटो नको, बाबासाहेबांचाही नको, फाटकं दप्तर कचऱ्यात जातं तेव्हा फोटोही जातो. जूनच्या पहिल्या रविवारी विहारात मोच्याला रोजाने बसवू, ज्याचं जुनं दप्तर दुरुस्त होण्यासारखं आहे त्याचं तिथेच दुरुस्त करून देऊ. रोज पूर्ण द्यायचा, 'समाजकार्य' म्हणून फुकट काम करून घ्यायचं नाही.

विरोध होणार हे मला ठाऊक आहे. एका सहकाऱ्याने आधीच विचारलं, बाकीच्या पंचाहत्तर मुलांना काय तोंड दाखवणार? प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. त्यातल्या बऱ्याच मुलांकडे बरं दप्तर होतं, तरी आम्ही दिलं, कारण शंभर हा आकडा फ्लेक्सवर चांगला दिसत होता. खरी गरज किती जणांची, ते आम्ही कधी घरोघर जाऊन विचारलंच नाही. या वेळी मे महिन्यात आधी यादी करायची. ती पंचविसाऐवजी चाळिसाची निघाली, तर वरचे पैसे डीजेच्या खर्चातून काढायचे. भांडण तिथेच होणार आहे, आणि ते मी करणार आहे. ज्यांना माझ्या बाजूने बसायचंय त्यांनी रविवारी वेळेवर या.

जयभीम.