साक्षर म्हणायचे कोणाला?

एसटीची पाटी वाचता येते, पण चार ओळींची चिठ्ठी लिहिता येत नाही, अशा बाया आमच्या साखऱ्यात अजूनही आहेत. त्या साक्षर की निरक्षर? विचारणारे खाते कोणते, त्यावर ते ठरते!

जनगणनेत सात वर्षांवरील माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मात्र नववी न झालेल्या बाईपुढे वाक्याचे कार्ड धरले. त्यातले थोडे वाचले तरी ती साक्षर. लिहिण्याची अट नाही, आणि वयोगट १५ ते ४९.

हे दोन आकडे शेजारी मांडून कोणी 'प्रगती' म्हटले, तर ज्या बाईला साक्षरता वर्ग हवा तीच कागदावरून पुसली जाते.

व्याख्या बदलू नये असे नाही. १९९१ साली जनगणनेने वयाची अट पाचवरून सातवर नेली, पण १९८१ चे आकडेही त्याच वयासाठी काढून दिले. म्हणून तुलना करता आली.

प्रत्येक खात्याने आपले जादा प्रश्न खुशाल विचारावेत. पण 'वाचता येते का?' आणि 'लिहिता येते का?' हे दोन प्रश्न सगळ्यांनी वेगवेगळे आणि त्याच शब्दांत विचारावेत. प्रश्नपत्रिका वेगळ्या असताना गुणांची तुलना कोणता मास्तर करील?