परिचर्येचे सिद्धांत आणि खाटेशेजारची बाई

मी ज्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते, तिथल्या जळीत कक्षात नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी शिकायला येतात. प्रत्येकीला एक रुग्ण नेमून दिलेला असतो. परिचर्येचा एखादा सिद्धांत निवडून त्याप्रमाणे त्या रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा फायलीत लिहायचा असतो. गेल्या पावसाळ्यात अशी एक फाईल माझ्या हाती आली. रुग्ण चोवीस वर्षांची बाई, पस्तीस टक्के भाजलेली. केसपेपरवर लिहिले होते, 'स्वयंपाक करताना पदर पेटला.' विद्यार्थिनीने डोरोथिया ओरेम यांचा सिद्धांत घेतला होता. रुग्णाला स्वतःचे स्वतः काय करता येत नाही याची यादी तिने मन लावून केली होती. जेवण, अंग पुसणे, कूस बदलणे. शेवटच्या रकान्यात होते, 'काळजी घेणारी व्यक्ती : सासू. सासूला आहार व स्वच्छतेविषयी शिकवले. सासू सहकार्य करते.'

फाईल चांगली होती, तिला गुणही चांगले मिळाले. आणि नुसते तिला का बोलू? त्याच आठवड्यात मीही माझ्या नोंदवहीत 'कुटुंबाचा आधार आहे' असे लिहून मोकळी झाले होते. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव गाठीशी असताना.

तिसऱ्या रात्री ओली झालेली पट्टी बदलायला रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. सासूला म्हणाल्या, "मावशी, जरा बाहेर थांबा, झालं की हाक मारते." पडदा ओढला. विचारले काहीच नाही, फक्त म्हणाल्या, "दुखलं तर सांग गं, मी थांबीन." पट्टी बांधून होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "सिस्टर, पदर पेटला नव्हता." सिस्टरनी डॉक्टरांना उठवले, पोलिसांना कळवले गेले, सकाळी दंडाधिकाऱ्यांनी येऊन जबाब घेतला. ती वाचली. आता माहेरी आहे, खटला चालू आहे.

त्या रात्रीची नर्सिंगची नोंद मी नंतर पाहिली. नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, 'पट्टी बदलली'. बाईने जे सांगितले त्यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती.

तेव्हापासून हे परिचर्येचे सिद्धांत मी विद्यार्थिनींकडून पुस्तके मागून घेऊन वाचते आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, परीक्षेपुरते पाठ करायचे हे प्रकरण, चळवळीला त्याचे काय? मलाही तसेच वाटत होते. पण प्रत्येक सिद्धांत खाटेजवळ उभे राहून एक वेगळा प्रश्न विचारतो. कोणता प्रश्न आधी विचारायचा यावर त्या खाटेवरच्या बाईचे पुढे काय होणार हे कधीकधी ठरते.

पहिला प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. क्रिमियन युद्धात १८५४ साली ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. जखमांपेक्षा घाण, तुंबलेली गटारे आणि गर्दी यांनी सैनिक जास्त मरत होते. तिचा प्रश्न असा : रोग्याच्या भोवतालची हवा, पाणी, उजेड, स्वच्छता कशी आहे? दिव्याची देवी म्हणून तिची तसबीर आपण लावतो, पण मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला जाब विचारणारी बाई ती हीच, हे विसरतो. ज्या कक्षात दोन खाटांच्या मधे जमिनीवर तिसरी गादी असते, तिथे तिचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. मात्र तिची नर्स शिस्तीतली, सुशील, आज्ञाधारक असायला हवी होती. नर्सेसची कायदेशीर नोंदणी व्हावी या मागणीला तिने विरोध केला होता, हेही लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा प्रश्न व्हर्जिनिया हेंडरसन यांचा. माणसाच्या अंगात बळ असते, इच्छा असती, माहिती असती, तर त्याने स्वतःसाठी जे केले असते ते त्याच्यासाठी करायचे, तेही तो लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभा राहील अशा बेताने. त्यांनी चौदा गरजा सांगितल्या. श्वास, अन्नपाणी, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव. आणि पुढे मनातले बोलता येणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागता येणे, काम, करमणूक आणि शिकणे. आमच्या कक्षात पहिल्या नऊ कशाबशा भागतात. शेवटच्या पाच 'वेळ मिळाल्यास'. मनातले बोलणे ही दहावी गरज. ती धोक्यापासून बचावाच्या लगेच खाली आहे, आणि आमच्या त्या बाईच्या बाबतीत दहावी भागली म्हणूनच नववी भागली.

तिसरा प्रश्न ओरेम यांचा. त्यांचे पुस्तक १९७१ सालचे. रुग्ण स्वतःची काळजी स्वतः किती घेऊ शकतो, कमी कुठे पडते? जिथे सगळेच करावे लागते तिथे नर्सने सगळे करावे, जिथे थोडे तिथे थोडे, आणि जिथे नुसते शिकवणे पुरे तिथे शिकवून बाजूला व्हावे. आपले शरीर आपल्याला कळले पाहिजे, सगळे डॉक्टरच्या हाती सोपवायचे नाही, हे आपण आरोग्य शिबिरांत सांगतो त्याच्याशी हे किती जुळते! मधुमेहाच्या बाईला इन्शुलिन टोचायला शिकवताना, स्तन काढलेल्या बाईला हाताचे व्यायाम शिकवताना यासारखा सिद्धांत नाही.

पण आपल्याकडे येऊन त्याचे काय होते ते पाहा. रुग्णाला जमत नाही आणि नर्सला वेळ नाही, तेव्हा उरते ते 'नातेवाईक'. आमच्या दारावर पाटी आहे, 'रुग्णासोबत एका नातेवाइकाने थांबावे.' हा नातेवाईक बहुतेक वेळा बाई असते. पुरुषांच्या कक्षात बायको, बायकांच्या कक्षात आई, बहीण, सासू, नाहीतर शाळा बुडवून आलेली मुलगी. ती भांडे देते, कूस बदलते, रक्ताची पिशवी आणायला धावते, रात्री खाटेखाली चादर टाकून पडते. तिची मजुरी बुडते ती कुठल्याच हिशेबात येत नाही. घरात बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांबद्दल आपण इतके बोलतो, पण सरकारी रुग्णालयेही त्याच श्रमांवर उभी आहेत हे मात्र बोलत नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की खाटेशेजारी बसलेले माणूस काळजी घेणारेच आहे, असे हा रकाना गृहीत धरतो. ज्या घरात बाई जळली, त्याच घराला तो तिची राखण देतो.

चौथा प्रश्न हिल्डेगार्ड पेपलाऊ यांचा. त्यांचे पुस्तक १९५२ सालचे. त्या म्हणतात, नर्स आणि रुग्ण पहिल्यांदा भेटतात ते एकमेकांना परक्या म्हणून. त्या परकेपणातून विश्वासाचे नाते तयार होते, आणि ते नाते हेच शुश्रूषेचे साधन. म्हणून प्रश्न असा : या बाईचे आणि माझे काय चालले आहे? ती माझ्याशी काय बोलू शकते? विद्यार्थिनींना हा सिद्धांत मुख्यतः मानसिक आजारांच्या विषयात भेटतो, म्हणून त्यांना वाटते की तो मनोरुग्णालयापुरता. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरनी पेपलाऊंचे नाव वीस वर्षांपूर्वी कधीतरी ऐकले असेल. पण पडदा ओढून त्यांनी केले ते हेच.

पाचवा प्रश्न मॅडेलिन लाईनिंजर यांचा. नर्स असून त्या मानववंशशास्त्र शिकल्या. रुग्णाच्या चालीरीतींचे काय करायचे, याला त्यांची तीन उत्तरे आहेत : काही जपायच्या, काहींशी जुळवून घ्यायचे, काही बदलायला मदत करायची. बाळंतिणीच्या कक्षात हे रोज लागते. कान बांधून बसलेल्या बाळंतिणीला ओरडण्याचे काही कारण नाही, बांधू दे. घरून आलेली अळिवाची खीर तिच्या पथ्यात बसवता येते. पण पहिला चीक फेकून द्यायला निघालेल्या आजीला मात्र जवळ बसवून समजवायलाच हवे. संस्कृती म्हणजे सगळे पवित्र नाही आणि सगळे अडाणीपणाचेही नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत आपल्या शिबिरांतही क्वचितच सांगितले जाते.

मग कक्षात कोणता सिद्धांत धरावा? माझे मत स्पष्ट सांगते. रोजच्या कामाचा पाया हेंडरसन यांच्या चौदा गरजांचा असावा, कारण त्या मोजता येतात. काय झाले नाही ते बोट ठेवून दाखवता येते. घरी जाताना ओरेम, पण 'कोणाला शिकवू?' हे आधी त्या बाईलाच विचारून. आणि जळलेली, विष घेतलेली, 'पडून' हाड मोडलेली, पुन्हापुन्हा गर्भपात होऊन आलेली बाई असेल, तर सगळ्यात आधी पेपलाऊ. पहिल्या चोवीस तासांत एकदा तरी ती नर्सशी एकटीने बोललेली असली पाहिजे.

यावर मैत्रिणी म्हणतील, ही अमेरिकेची पुस्तके, आमच्याकडे हातमोजे मिळत नाहीत. खरे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स असे प्रमाण सांगितले आहे. त्या रात्री आमच्याकडे सेहेचाळीस बायकांना दोन सिस्टर होत्या. एका सिस्टरने एका बाईपाशी वीस मिनिटे घालवली, तेव्हा उरलेल्या पंचेचाळीस जणी दुसरीवर होत्या. म्हणजे त्या रात्रीचा पेपलाऊ सिद्धांत सिस्टरच्या पाठीवर उभा होता, व्यवस्थेच्या नव्हे. पण म्हणूनच सिद्धांत हवा. 'नर्स कमी आहेत' हे वाक्य अधिकाऱ्यांना पाठ झाले आहे. 'चौदापैकी या पाच गरजा या कक्षात महिनाभर भागल्या नाहीत' हे त्यांना पाठ नाही.

आणि आपण? स्त्री चळवळीने डॉक्टरांशी, औषध कंपन्यांशी, सरकारशी भांडण केले. नर्स आपल्याला दिसली ती प्रसूती कक्षात खेकसणारी म्हणून. ती खेकसते, हे मी नाकारत नाही. ज्या बाईवर ओरडले गेले तिचा अपमान खराच आहे. पण तीही बाई आहे, हुकूम खालीच ऐकवता येतो हे ती त्याच उतरंडीत शिकली आहे. रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा हे काम हलके मानले जात होते. आज हलके म्हणत नाहीत, 'सेवा' म्हणतात. सेवा म्हटले की पगार, पाळी आणि सुरक्षितता यांचा विषय काढणे अप्रशस्त होते.

अरुणा शानभाग आठवा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या या नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ ला ती गेली तोवर, जवळजवळ बेचाळीस वर्षे, नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला होता, तो सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या परिस्थितीसाठी होता. गौरव लक्षात राहिला, संप विसरला गेला.

हे जमण्यासारखे नाही असेही नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. तिथे नर्सेसनाच हिंसेची खूण ओळखायला, बाईशी एकटीने बोलायला शिकवले गेले. नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते गेले.

तेव्हा आपल्या गटांनी पुढच्या वेळी रुग्णालयात निवेदन घेऊन जाताना औषधांच्या मागणीसोबत नर्सेसची रिकामी पदे भरण्याचीही मागणी ठेवावी. नर्सिंगच्या नोंदीच्या कागदावर 'रुग्णाने सांगितलेले' असा एक रकाना मागावा, आणि तो कागद नातेवाइकांच्या हाती पडणार नाही याचीही हमी मागावी. नर्सेसच्या संघटनेला आपल्या बैठकीला बोलवावे, शिकवायला नव्हे, शिकायला.

त्या विद्यार्थिनीची फाईल मी परत केली तेव्हा तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, सासूला बाहेर पाठवायचं असतं हे कुठल्या रकान्यात लिहू?" मैत्रिणींनो, तो रकाना आपल्याला मिळवायचा आहे.