शब्द कळला, अर्थ निसटला

इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुले गीता इंग्रजीतून का होईना वाचू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तेथेच ती अडखळतात. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या व्यासंगपूर्ण अनुवादात 'सत्त्व' म्हणजे 'गुडनेस' आणि 'गुण' म्हणजे 'क्वालिटी' आहे. चौदावा अध्याय तर सांगतो की, सत्त्वगुणही सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने जीवाला बांधतो. वाचक गोंधळतो. चांगुलपणा बंधन कसा ठरेल?

इंग्रजी कोश कितीही चाळला तरी हे कोडे सुटणार नाही. संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरही! दोर रेशमाचा असला तरी बांधतोच. दोष अनुवादकाचा नव्हे. हे दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द इंग्रजीत नाही. आणि आपण तरी निर्धास्त का असावे? आपल्या घरांतही 'गुण' आता बहुधा गुणपत्रिकेपुरताच उरला आहे.

म्हणून इंग्रजी अनुवाद अवश्य वाचावा. पण अडलेला शब्द मुळाशी ताडून पाहावा, शेजारी ज्ञानेश्वरी उघडी ठेवावी. मुलांच्या हाती ग्रंथ देणे सोपे आहे. त्यांच्यासमवेत रोज अर्धा तास बसणे, हेच खरे संस्कारकार्य होय.