वहीत ओळ वाढली का?

तेरणा नदीच्या काठी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावाखाली सातवाहनकाळातले एक मोठे व्यापारी नगर पुरलेले आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातले ‘तगर’ ते हेच, ही ओळख फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की केली. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतले कापड भडोच बंदराकडे जात असे, असे तो ग्रंथ सांगतो. १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केले आणि १९६९ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. पण तेरच्या वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला तो गावातल्याच एका माणसाने. पाऊस झाला की पांढरीची माती धुपते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते सारे जमवले, जपले. आज तिथले शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पैठणच्या संग्रहालयाला बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे, तेही अशाच कामामुळे. मराठवाड्याचा प्राचीन इतिहास ज्या वस्तूंच्या आधारे लिहिला गेला, त्यांतल्या कितीतरी आधी गावकऱ्यांच्या हाताला लागल्या होत्या, हे आपल्या क्षेत्राने कायम लक्षात ठेवले पाहिजे.

लामतुरे संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती घ्या. १९६० साली मोतीचंद्र यांनी तिच्यावर लिहिले, त्याच वर्षी डग्लस बॅरेट यांचे तेरवरचे पुस्तकही आले. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली होती. पाँपेईची मूर्ती कोणत्या घरात मिळाली हे ठाऊक आहे. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे निर्विवाद. तेरच्या मूर्तीच्या पाठीशी असा थर नाही, असे घर नाही. तिचा काळ ठरवायचा तर केशरचना, दागिने आणि उभे राहण्याची ढब यांवरूनच बोलावे लागते. लामतुरे नसते तर मूर्तीच हाती राहिली नसती, हे खरेच. पण वस्तू वाचली तरी तिचा ठावठिकाणा वेगळा वाचवावा लागतो, आणि हे काम आज आपले आहे.

म्हणून लहान गावांतल्या संग्रहालयांच्या कार्यक्रमांविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. १८ मेचा संग्रहालय दिन, नोव्हेंबरमधला वारसा सप्ताह, शाळांच्या सहली, चित्रकला स्पर्धा, व्याख्याने हे सगळे व्हावे. मुले संग्रहालयात येतात ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र कार्यक्रम संपल्यावर अहवालात उपस्थितांची संख्या जाते आणि आवक नोंदवहीत काहीच जात नाही. कार्यक्रम एका खात्यात आणि संशोधन दुसऱ्या, ही वाटणी मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांना कदाचित परवडत असेल. एक अभिरक्षक, एक लिपिक आणि एक पहारेकरी एवढ्यावर चालणाऱ्या संग्रहालयाला ती परवडत नाही. तिथे प्रत्येक कार्यक्रमातून गावाची काहीतरी माहिती वहीत उतरली पाहिजे.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. थापटण्याने वाजवून मडके कच्चे की पक्के हे ओळखणारे गोरोबाकाका महाराष्ट्राला ठाऊक आहेत, आणि ही पारख आजही कुंभाराच्या हातात व कानात असते. मग परिसरातल्या कुंभारांना चाकाच्या प्रात्यक्षिकापुरते बोलावून आपण का थांबतो? संग्रहालयात खापरांच्या पेट्याच्या पेट्या असतात. एक दुपार त्यांच्यासोबत बसा. हे बूड दोऱ्याने कापले का, हे अंग चाकावर उठवले की थापून वाढवले, आव्यात कुठे ठेवल्यामुळे हा भाग काळा पडला, हे त्यांना विचारा. त्यांचे प्रत्येक म्हणणे पुरावा ठरेल असे नाही. दोन कुंभारांची मते वेगळी पडली तर दोन्ही लिहावीत. पण ते म्हणणे त्यांच्या नावानिशी त्या खापराच्या नोंदीत गेले, तर पुढच्या अभ्यासकाला विचारायला एक नवा प्रश्न मिळतो.

नावानिशी लिहिण्याचा आग्रह मुद्दाम धरतो आहोत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या गेल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिले गेले, म्हणून तो साठा अभ्यासाला उपयोगी पडतो. आपल्या वह्यांत मात्र ‘एका शेतकऱ्याकडून प्राप्त’ एवढ्यावर नोंद संपलेली दिसते. त्यात गट नंबर नाही, शेताला घरचे लोक काय म्हणतात ते नाही, वस्तू नांगराला लागली की विहिरीच्या खोदाईत वर आली तेही नाही.

लोक वस्तू घेऊन येत नाहीत, अशी तक्रार अनेक सहकारी करतात. त्यामागे भीती आहे आणि ती निराधार नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, न दिल्यास शिक्षेची तरतूद आहे. शिवाय १९७२ चा पुरावशेष कायदा आहेच. हे अर्ज भरून देण्याची जबाबदारी संग्रहालयाने घ्यावी. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडा. कायदा सोप्या भाषेत सांगा, अर्ज तिथेच लिहून द्या, माणसाला त्याची प्रत द्या. या एका सोयीने जेवढा विश्वास मिळेल, तेवढा कोणत्याही व्याख्यानमालेने मिळणार नाही, असे आमचे ठाम मत आहे.

सातवाहनांवरच थांबण्याचेही कारण नाही. मराठवाड्यात निजामाची राजवट संपली ती सप्टेंबर १९४८ मध्ये. तो काळ पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला भ्रमणध्वनी पुरतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका, १९९३ च्या भूकंपानंतर गावाची जागा बदलताना नव्या वसाहतीत शेजार कसा ठरला हे पाहिलेली माणसे आज आपल्यात आहेत. घराघरांतल्या ट्रंकांत उर्दू आणि मोडीतले कागद आहेत. ते मागून घेऊ नका. घरी जाऊन छायाचित्र काढा, कागद घरातच राहू द्या आणि वाचून झाल्यावर त्यात काय लिहिले आहे ते त्या घराला येऊन सांगा. मोडी वाचणारे जवळपास कुणी नसेल तर तालुक्याच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाला सोबत घ्या. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात.

यासाठी स्वतंत्र निधीची वाट पाहू नये. आवक नोंदवहीत आजच तीन रकाने वाढवा: कुठे सापडले, कसे सापडले, कुणी सांगितले. जुन्या नोंदींतले हे रकाने भरायला ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्या घरापासूनच सुरुवात करावी लागेल. देणारा हयात नसेल तर त्याची मुले, सुना, शेजारी असतील. पाऊस उघडला की शेतात जाऊन ती जागा दाखवणारे कुणीतरी अजून भेटते.